माशाचं डोकं, काटा, कातडी: फेकण्याआधी त्यातली प्रथिनं कशी काढावीत

मासा साफ केला की डोकं, मधला काटा, कातडी, पर आणि पोटातला ऐवज असा ढीग बाजूला पडतो. फिले, म्हणजे काट्याविना मांसाचे तुकडे, काढले असतील तर तो माशाच्या निम्म्या वजनापर्यंत सहज जातो, कधी त्याच्याही पुढे. त्यात प्रथिनं भरपूर असतात, पण ती दोन वेगळ्या प्रकारची, आणि बहुतेक सल्ले इथेच घसरतात. काट्याला चिकटलेलं मांस फिलेइतकंच कसदार, सगळी अत्यावश्यक अमिनो आम्लं असलेलं. कातडी, खवले आणि हाडांत असतं ते कोलॅजन. ते शिजून जिलेटिन होतं आणि त्यात ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल नसतंच. म्हणून ‘काट्यांचं सूप प्या, प्रोटीनची सोय झाली’ हे कृपा करून कुणी सांगू नका. आधी मांस, मग सूप.

ढीग त्याच दिवसाचा आणि कायम थंड ठेवलेला हवा. बांगडा, टूना, तारली यांच्या बाबतीत तर अजिबात सूट नाही. हे मासे गरम राहिले की त्यांच्यात हिस्टॅमिन हे अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य तयार होतं, आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. वासावरून ते दर वेळी ओळखू येईल असंही नाही. आतडी आणि पित्त सरळ टाकून द्या.

कल्ले उपटून काढा. मग काट्याला आतून चिकटलेली काळपट लाल रेघ नळाखाली चमच्याच्या दांड्याने खरवडून काढा. स्टॉक, म्हणजे काट्या-डोक्यांचं गाळलेलं सूप, कडवट झाला की लोक माशाला नावं ठेवतात, दोष बहुतेकदा कल्ल्यांचा आणि या रेघेचा असतो.

काटा आणि डोकं सहा-सात मिनिटं वाफवा. कोमट असतानाच चमच्याने मांस ओढून काढा. गालाचं आणि मानेमागचं मांस विसरू नका. बोटांनी चाचपून बारीक काटे वेगळे करा. झालं. वाफेचं खाली साठलेलं पाणी ठेवून द्या.

आता स्टॉक. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच टप्प्याने, आणि ‘मंद आचेवर तासन् तास उकळा’ या सल्ल्याने त्यात भरच घातली. मटणाच्या हाडांचा नियम माशाला लागत नाही. माशाच्या कोलॅजनमधले बंध तितके पक्के नसतात, ते लवकर सुटतं. तीस ते चाळीस मिनिटं पुरतात. त्यापुढे जिलेटिनचेच तुकडे पडू लागतात, स्टॉक गोठेनासा होतो आणि चव खडूसारखी लागते.

हाडं बुडतील एवढंच थंड पाणी घ्या, वाफेचं पाणी त्यातच घाला. गरम पाणी ओतलंत तर प्रथिनं जागच्या जागी घट्ट होतात. थंडापासून सुरुवात केली की ती हळूहळू पाण्यात उतरतात आणि तापत जाताना राखाडी फेस होऊन वर येतात. हा फेस झाऱ्याने काढत राहा. त्या दहा मिनिटांत भांड्यापासून हलू नका.

आणि उकळी येऊ द्यायची नाही. म्हणजे नाहीच. भांड्याच्या कडेला एखाद-दुसरा बुडबुडा सुटावा, मधलं पाणी नुसतं थरथरावं. थर्मामीटर असेल तर 85 ते 90 अंश सेल्सिअस. खळखळून उकळलं की तेल आणि फेस पाण्यात घुसळले जातात, स्टॉक दुधट होतो, आणि एकदा मिसळलेलं तेल गाळण्याने निघत नाही. वास येतो तो याच तेलाचा. म्हणून तेलकट माशांची हाडं स्टॉकला घेऊच नका, त्यांचं मांस तेवढं काढा. झाकण ठेवायचं नाही, ढवळायचंही नाही. दाबलेल्या काट्यांतून फक्त गढूळपणा बाहेर येतो.

खवले काढलेली कातडी शेवटच्या वीस मिनिटांसाठी घाला. मग फडक्यातून गाळा. फडकं पिळू नका.

भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून लवकर थंड करा आणि फ्रीजमध्ये टाका. सकाळी वाटी तिरकी केली तर स्टॉक थरथरत एकसंध सरकायला हवा. थंड समुद्रातल्या माशांचा मात्र जेमतेम दाटसर होतो. त्यांच्या कोलॅजनमध्ये हायड्रॉक्सिप्रोलिन, म्हणजे जिलेटिन घट्ट व्हायला मदत करणारं अमिनो आम्ल, कमी असतं, तुमचं काही चुकलेलं नसतं.

कॅल्शियमसाठी स्टॉकवर विसंबू नका, पाण्यात ते फारसं उतरत नाही. ते हवं असेल तर लहान माशांचे बारीक काटे प्रेशर कुकरमध्ये बोटांत चुरगळतील इतके शिजवा, वाटा आणि काढलेल्या मांसात मिसळा. रक्तदाबावर उपयोगी म्हणून ज्या पेप्टाइडांचा (प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांचा) गवगवा होतो, ती विकरांनी (एन्झाइमांनी) प्रथिनं तोडून प्रयोगशाळेत मिळवलेली असतात. तुमच्या पातेल्यातून ती निघतील या आशेवर औषध बंद करू नका.

माशाची अ‍ॅलर्जी असणाऱ्याला यातलं काहीही देऊ नका, गाळलेला स्टॉकसुद्धा नाही. गाउट असेल तर डोकं आणि कातडी बेतानेच, कारण प्युरीन: त्यापासून शरीरात गाउट वाढवणारं युरिक आम्ल तयार होतं.

स्टॉक दोन दिवसांत संपवा, नाहीतर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. मांस त्याच दिवशी खा.