मांजराच्या नख्या काढण्याचा निर्णय घेण्यापूर्वी

सोफ्याचे कोपरे फाटले किंवा मुलाच्या हातावर ओरखडे उठले, की मांजराच्या नख्या कायमच्या काढून टाकाव्यात का, हा प्रश्न घरात निघतो. त्यावर मत बनवण्यापूर्वी या शस्त्रक्रियेत नेमके काय होते ते समजून घ्यावे. मांजराची नखी माणसाच्या नखासारखी नुसती कातडीतून उगवलेली नसते. ती बोटाच्या शेवटच्या हाडातून वाढते, त्यामुळे ती पुन्हा येऊ नये म्हणून ते हाडच सांध्यापासून तोडावे लागते. म्हणजे पुढच्या दोन पंजांच्या दहा बोटांची शेवटची पेरे जातात. मांजर बोटांवर चालणारा प्राणी असल्याने त्याच्या चालीवर आणि पाठीवर याचा परिणाम होऊ शकतो, आणि दुखऱ्या पंजांना माती टोचते म्हणून काही मांजरे शौचाची पेटी टाळू लागतात. हत्यार गेल्यावर काही मांजरे चावू लागतात. चावा ओरखड्यापेक्षा खोल जातो आणि अधिक चिघळतो.

इस्रायलने 2011 मध्ये या शस्त्रक्रियेवर बंदी घातली, अमेरिकेत न्यूयॉर्क हे 2019 मध्ये अशी बंदी आणणारे पहिले राज्य ठरले, आणि 2022 मध्ये मेरीलँडने तेच केले. पंजाला दुखापत, गाठ किंवा न हटणारा संसर्ग असेल तर पशुवैद्य एखादे पेर काढतात. तो उपचार आहे. फर्निचरसाठी दहाही पेरे कापणे मला कोणत्याही युक्तिवादाने पटत नाही. या शस्त्रक्रियेचे समर्थन करणारे म्हणतात की ती केली नाही तर मांजराला घराबाहेर काढले जाईल. ही भीती खोटी नाही, परंतु तिच्यावर सोपे उपाय आहेत.

मांजर ओरबाडते ते खोडसाळपणाने नव्हे. नखीवरचे जुने टरफल निघावे, अंग ताणले जावे आणि पंजांतील ग्रंथींचा वास लागून जागेवर आपली खूण राहावी, यासाठी त्याला ओरबाडावेच लागते. म्हणून त्याला खांब द्यावा. बहुतेक खांब फसतात ते उंचीमुळे आणि डगमगण्यामुळे: मांजराला मागच्या पायांवर उभे राहून पूर्ण ताणता आले पाहिजे, त्यामुळे प्रौढ मांजरासाठी साधारण 80 ते 90 सेंटीमीटर उंचीचा, जाड खरखरीत दोरी घट्ट गुंडाळलेला आणि जड बैठकीचा खांब लागतो. एकदा जरी तो अंगावर कलला, तरी मांजर त्याच्याकडे परत सहसा फिरकत नाही. तो कोपऱ्यात लपवू नये. आज जिथे ओरबाडले जाते तिथे, सोफ्याला अगदी लागून, आणि झोपण्याच्या जागेजवळही ठेवावा, कारण जाग आल्यावर मांजर आधी अंग ताणते. काही मांजरांना उभे ओरबाडण्यापेक्षा आडवे आवडते. त्यांना पुठ्ठ्याची फळी द्यावी. सोफ्याच्या त्या भागावर काही आठवडे दुहेरी चिकटपट्टी लावावी आणि मांजराने खांब वापरताच लगेच खाऊ द्यावा. ओरडून किंवा पाणी उडवून उपयोग होत नाही. मांजर आपल्याला घाबरू लागते, एवढेच.

दर दोन-तीन आठवड्यांनी नख्यांची टोके कापावीत. मांजर झोपाळलेले असताना बोट हलकेच दाबले की नखी बाहेर येते. तिच्या आतील गुलाबी भागात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात, म्हणून त्यापुढचे पारदर्शक टोकच छाटावे. एका बैठकीत दोनच नख्या झाल्या तरी पुरे. चुकून रक्त आलेच, तर मक्याचे पांढरे पीठ (कॉर्नफ्लोअर) लावून दाबून धरावे. नख्यांवर चिकटवायच्या मऊ टोप्याही मिळतात. त्या साधारण चार ते सहा आठवड्यांनी गळून पडतात.

आधीच नख्या काढलेले मांजर घरी आले असेल, तर पेटीत मऊ, बारीक माती ठेवावी, त्याला घराबाहेर एकटे सोडू नये, आणि ते लंगडत असेल किंवा उडी टाळत असेल तर पशुवैद्याकडून पंजांचा एक्स-रे काढून घ्यावा. आत राहिलेला हाडाचा तुकडा कित्येक वर्षांनंतरही दुखू शकतो.