चिमटा डगडगतोय? हेडसेटचं बेअरिंग बदलताना या चुका टाळा

चवथ (गणेशचतुर्थी) सरते, पाऊस ओसरतो आणि गोव्यातल्या माउंटन बाइका पुन्हा बाहेर पडतात. कुणी चोर्ला घाट गाठतो, कुणी साखळी-वाळपईच्या लाल वाटा. आणि याच दिवसांत तक्रारी सुरू होतात: पुढचा ब्रेक दाबला की हँडलाखाली ‘टक्’ वाजतं, किंवा हँडल सरळ रेषेत आलं की तिथेच खाचेत बसतं. दुसरं लक्षण असेल तर हेडसेटचं, म्हणजे चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) फ्रेममध्ये जिथे फिरतो त्या जोडाचं, बेअरिंग गेलं, त्यात वाद नको. पहिल्याबाबत मात्र घाई करू नका.

डगडग कुठली, हे न बघताच बेअरिंग मागवणं

पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकलली की काही ना काही हलतंच. डिस्क ब्रेकचे पॅड कॅलिपरमध्ये (पॅड धरणाऱ्या भागात) किंचित सरकतात. सस्पेन्शन फोर्कची बुशिंग (आतल्या नळ्या ज्यांवर सरकतात त्या कड्या) झिजली असतील तर चिमट्याच्या नळ्या हलतात. अ‍ॅक्सल ढिला असला तरी आवाज तसाच. हे सगळं हेडसेटच्या खात्यावर जमा होतं आणि नवं बेअरिंग बसवूनही ‘टक्’ तसाच राहतो.

म्हणून एका हाताने ब्रेक दाबा आणि दुसऱ्या हाताची बोटं हेड ट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीच्या) खालच्या टोकाला, चिमट्याचा क्राउन (वरचा खांदा) जिथे भिडतो त्या फटीवर ठेवा. फट उघडझाप करताना बोटांना जाणवली तर दोष हेडसेटचा. हालचाल फोर्कच्या सीलपाशी जाणवली तर बुशिंग. चाक धरून डावीउजवीकडे हलवल्यावर खेळ (ढिलेपणा) लागला तर हब, म्हणजे चाकाचा मधला भाग.

टॉप कॅप आवळत राहणं

ही चूक सगळ्यात जास्त होते. टॉप कॅपचा, म्हणजे हँडलाच्या मध्यावरच्या झाकणाचा, बोल्ट हँडल धरून ठेवण्यासाठी नसतो. बेअरिंगवर योग्य तेवढा दाब आणणं एवढंच त्याचं काम. स्टेमचे (हँडल आणि चिमटा जोडणाऱ्या तुकड्याचे) बाजूचे बोल्ट घट्ट असताना तो कितीही पिळला तरी दाब खाली पोचत नाही, उलट स्टिअररच्या, म्हणजे चिमट्याच्या वर जाणाऱ्या नळीच्या, आतला स्टार नट (हा बोल्ट ज्यात पिळला जातो तो) उपसून वर येतो. आणि स्टेम ढिला करून झिजलेल्या बेअरिंगवर दाब वाढवला, तर चार दिवस आवाज बंद राहतो, मग छर्रे रेसमध्ये (ते ज्यावर फिरतात त्या कडीत) खड्डे पाडतात. हँडल सरळ रेषेत अडकतं ते याच खड्ड्यांमुळे. आवळून आवाज गेला म्हणजे दुरुस्ती झाली, असं धरून चालू नका.

वरचं पाहून परत बंद करणं

स्टेम काढला, वरचं बेअरिंग पाहिलं, ग्रीस स्वच्छ, बोटाने फिरवलं तर गुळगुळीत. मग सगळं परत बसवलं. पण आपल्याकडे मरतं ते खालचं. पुढचं चाक चिखल थेट त्याच्यावरच उडवतं, आणि वरून स्टिअररच्या कडेने झिरपलेलं पाणीही शेवटी तिथेच साठतं. केबली फ्रेमच्या आतून जात असतील तर पाण्याला आणखी एक वाट मिळते. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यात जांभ्याची बारीक लाल माती, डिचोली-सत्तरीकडे खनिजाची पूड, आणि किनाऱ्यालगत राहणाऱ्यांना खारी हवा. लाल माती ग्रीसमध्ये मिसळली की तिची घासपेस्टच होते. चिमटा पूर्ण खाली उतरवून खालचं बेअरिंग हातात घेतल्याशिवाय काम झालं, असं मी तरी म्हणणार नाही.

उतरवताना

स्टेम सुटला की चिमट्याला वरून धरणारं काही उरत नाही. चाकासकट खाली घसरला तर ब्रेकचा होज (नळी) ताणला जातो. आधी कॅलिपर सोडवा किंवा चिमटा पट्ट्याने फ्रेमला बांधा. वरची कॉम्प्रेशन रिंग (स्टिअररभोवतीची, मुद्दाम एका जागी कापलेली कडी) गंजून स्टिअररला घट्ट बसलेली असते. स्टिअररच्या टोकावर लाकडाचा ठोकळा ठेवून हलकेच ठोका. लोखंडी हातोडा थेट मारू नका.

गंजलेलं खालचं बेअरिंग कधीकधी तुटून येतं, बाहेरची कडी फ्रेममध्ये आणि आतली क्राउन रेसवर (खालचं बेअरिंग जिच्यावर टेकतं त्या कडीवर). गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. स्क्रूड्रायव्हर एकाच बाजूला लावून ठोकलं तर अ‍ॅल्युमिनियमची बैठक दबते, आणि मग खर्च बेअरिंगपुरता राहत नाही. आणखी एक: फक्त बेअरिंग बदलायचं असेल तर फ्रेममध्ये दाबून बसवलेले कप (बेअरिंग ज्यात बसतं त्या वाट्या) काढायची गरज नसते. कप शाबूत असतील तर त्यांना हात लावू नका.

‘माउंटन बाइकचं बेअरिंग द्या’

असं म्हणून दुकानात गेलात तर हाती येईल ते बसेलच, याची खात्री नाही. हल्लीच्या बहुतेक माउंटन बाइकचा स्टिअरर वर १ १/८ इंच आणि खाली १.५ इंच असतो. म्हणजे दोन्ही बेअरिंगं वेगळी. सीलबंद बेअरिंगच्या कडेवर आकडे कोरलेले असतात. ३६×४५ किंवा ४५×४५ हे मिलिमीटर नाहीत, आतल्या आणि बाहेरच्या तिरक्या कडांचे अंश आहेत. शिवाय आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि उंची लागते. ४१ मिलिमीटरचं आणि ४१.८ मिलिमीटरचं बेअरिंग शेजारी ठेवलं तर नजरेला फरक कळत नाही, पण बैठक वेगळी, आणि बहुतेकदा कोनही. जुनं बेअरिंग सोबत न्या आणि व्हर्नियरने मापून घ्या. पंप-मोटारींची बेअरिंगं विकणाऱ्या दुकानात साध्या सपाट कडेची मिळतात. मापाने जवळची वाटली तरी ती इथे चालत नाहीत.

स्वस्त सायकलींत सीलबंद बेअरिंगऐवजी पिंजऱ्यातले छर्रे असतात. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. पिंजरा उलटा बसला की तो रेसला घासतो, हँडल फिरवताना करकर ऐकू येते.

क्राउन रेस जुनीच ठेवणं

चिमट्याच्या मुळाशी बसलेल्या या कडीवरून नख फिरवा. नख अडकलं, खड्डा किंवा गंजाचा ओरखडा लागला, तर बदला. मुळातच एका जागी कापलेली रेस हाताने निघते. अखंड असेल तर पातळ पात्याने सगळ्या बाजूंनी थोडी थोडी उचला. नवी बसवताना स्टिअररवरून जाईल आणि फक्त रेसच्या आतल्या कडेवर टेकेल अशा सरळ कापलेल्या नळीने समान ठोका. तिरकी बसली तर नव्या बेअरिंगलाही काही अर्थ राहत नाही.

ग्रीसमध्ये कंजुषी

सीलबंद आहे म्हणून कोरडंच बसवतात. आतलं ग्रीस कारखान्यातून येतं हे खरं, पण बेअरिंगची बाहेरची कडी पोलादी आणि तिची बैठक अ‍ॅल्युमिनियमची. दोन धातूंमध्ये खारं पाणी शिरलं की दोन्ही एकमेकांना धरतात. पुढच्या वर्षी ते निघणार नाही. बैठकीला, बेअरिंगच्या बाहेरून, क्राउन रेसवर, सगळीकडे ग्रीसचा भरपूर थर द्या. होड्यांना वापरतात ते पाण्याने न धुपणारं ग्रीस यासाठी उत्तम. स्टिअरर कार्बनचा असेल तर स्टेम जिथे आवळतो त्या भागाला मात्र ग्रीस लावू नका. गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे ग्रीस नव्हे. बसवलेल्या बेअरिंगवर तो मारला तर आहे ते ग्रीसही धुऊन निघतं.

बसवताना

क्रम चुकवू नका. स्टेम ढिला, टॉप कॅप हळूहळू आवळा, खेळ संपला की थांबा, हँडल चाकाशी सरळ करा, मग स्टेमचे बोल्ट आळीपाळीने आवळा. बहुतेक स्टेमवर ५ किंवा ६ न्यूटन-मीटर असं लिहिलेलं असतं, तेवढंच. स्टिअररचं टोक स्टेमच्या किंवा वरच्या स्पेसरच्या (स्टेमलगतच्या कडीच्या) कडेपेक्षा ३ मिलिमीटर खाली हवं. नाहीतर टॉप कॅप स्टिअररवरच टेकते आणि दाब येतच नाही. पुढचं चाक उचला. हँडल स्वतःहून एका बाजूला कलंडायला हवं. ताठ केबलींमुळे अडत असेल तर त्या सैल करून पाहा. पहिल्या खडबडीत फेरीनंतर पुन्हा तपासा, कारण नवी बेअरिंगं बैठकीत थोडी बसतात.

धुणं

गाड्या धुण्याच्या प्रेशर पंपाचा फवारा हेडसेटवर धरू नका, सील तेवढ्यासाठी नसतं. समुद्रकाठची फेरी झाली तर साध्या नळाच्या गोड्या पाण्याने धुवा. धुतल्यावर सायकल उलटी ठेवू नका, चिमट्याकडचं पाणी हेड ट्यूबमध्ये उतरतं. गाडीमागच्या रॅकवर पावसात नेताना हेडसेटभोवती जुनी ट्यूब किंवा प्लास्टिक गुंडाळा.

एवढं करूनही खेळ उरला तर

आधी ३ मिलिमीटरची ती फट आणि कॉम्प्रेशन रिंगची जागा पाहा, निम्म्या वेळा दोष तिथेच सापडतो. तिथे ठीक असेल तर फ्रेममधली बैठक अंडाकृती झालेली असू शकते. बेअरिंग हाताने ठेवल्यावर त्यात हललं तर तेच. अशा वेळी दुसरं बेअरिंग मागवण्यात पैसे घालू नका. फ्रेम घेऊन हेडसेटची बैठक सरळ करायची अवजारं असलेल्या दुकानात जा. फ्रेम वॉरंटीत असेल तर आधी तिच्या विक्रेत्याला दाखवा.