लेझीम ते कथक: नृत्यात करिअर करू पाहणाऱ्या सोलापूरकरांसाठी

"घरात कुणीच कलाकार नाही, हिला जमेल का?" पालक मुलीला क्लासला आणतात तेव्हा हा प्रश्न ठरलेला. सोलापुरात राहून ही काळजी करूच नये. गणपतीत आणि शिवजयंतीला हलगी-ताशावर लेझीमची पथकं रस्त्यावर उतरतात, त्या गावातल्या पोरांच्या कानात लय आपसूक मुरते.

माझी सुरुवातही शाळेच्या लेझीमपासूनच झाली. आठच्या मोजणीत पावलं टाकायची सवय होती, त्यामुळे कथकमधला 16 मात्रांचा तीनताल परका वाटला नाही. आठ-आठचे दोन भाग, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येणार ते पायाला आधीच कळायचं. झपतालाने मात्र घाम काढला. 10 मात्रा, त्याही 2-3-2-3 अशा. तिथे लेझीम पुरत नाही, पढंत लागते. हाताने ताल धरून बोल तोंडाने म्हणायचे, ते पक्के झाले की मगच पाय उचलायचा. नवी मुलं नेमकी इथेच कंटाळतात. पण मंचावर तबलजी समोर असतो तेव्हा हीच पढंत तारून नेते.

लहान मुलांना आधी भरपूर बघू द्या. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत उंच नंदीध्वज तोलत चालणाऱ्यांचे पाय दाखवा, वजन कसं सरकतं ते विचारा. हुतात्मा स्मृती मंदिरात नृत्याचा कार्यक्रम असेल तर पाय दिसतील अशी जागा धरा. मोबाइलवरच्या रीलमध्ये हे कळत नाही.

पुढचा रस्ता सरळ आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात, पुढे विशारद, मग अलंकार. बारावीनंतर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात कथक किंवा भरतनाट्यम घेऊन पदवी करता येते. मुंबईत नालंदा नृत्यकला महाविद्यालयात भरतनाट्यमसोबत मोहिनीअट्टमही आहे. परीक्षा जरूर द्या, पण दोन परीक्षांच्या मध्ये रियाज थांबवू नका.

पैशांचंही स्पष्ट सांगते. कार्यक्रमांचं मानधन नियमित नसतं, घर चालतं ते शिकवण्यावर. म्हणून विशारदची वाट न बघता गुरूंना विचारून लहान मुलींचा तत्कार, म्हणजे कथकमधला पायांचा मूळ सराव, घ्यायला लागा. शाळांच्या स्नेहसंमेलनात नाच बसवायचं काम मिळालं तर आनंदाने करा. चाळीस मुलांना एका लयीत आणायचं कसब तिथेच हाताला लागतं.