गावात बसून एसएसएच शिकताना

मी दारव्ह्याजवळच्या गावात राहून सर्व्हरचं काम शिकलो. एसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरमध्ये नेटवरून सुरक्षितपणे लॉगिन करून कमांड चालवायची सोय. सर्व्हर भाड्याचा, मुंबईतला. मी स्लॅबवर, कारण घरात नेटवर्कची एक कांडी आणि वर तीन.

त्याआधी हेच काम करणाऱ्या टेलनेटमध्ये पासवर्ड नेटवर्कवरून उघडाच जायचा. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असे पासवर्ड चोरले गेले, म्हणून तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. मुलाखतीत एवढं पुरतं. माझा वेळ मात्र एन्क्रिप्शननं नाही, फुटकळ गोष्टींनी खाल्ला.

पहिली म्हणजे चावी. पासवर्डऐवजी लॉगिनला चालणारी ही दोन फाइलींची जोडी: खासगी आपल्याकडे, पब्लिक सर्व्हरवर. मित्राच्या कॉम्प्युटरवर बनवली, पेनड्राइव्हवर घरी आणली आणि लिनक्सनं ती घ्यायलाच नकार दिला. म्हणे, चावी सगळ्यांना वाचता येते. पेनड्राइव्ह फॅट फॉरमॅटचा, त्यात लिनक्सच्या परवानग्या टिकतच नाहीत. तिथल्या तिथे परवानग्या बदलायची सीएचमॉड कमांड मारत बसलो, ढिम्म. फाइल होम फोल्डरमध्ये घेऊन परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) केली तेव्हा कुठे चाललं. (खरं तर खासगी चावी पेनड्राइव्हवर फिरवायचीच नसते. ज्या मशीनवर वापरायची तिथेच बनवा.)

मग लाइन, म्हणजे वीज. ती गेली की राउटर बंद, आणि थोड्या वेळानं टॉवरही मान टाकतो. एकदा अपडेट अर्ध्यात असताना कनेक्शन तुटलं आणि पॅकेजांचा पार विचका झाला. आता लॉगिन केलं की पहिलं टीमक्स (tmux) सुरू करतो. कनेक्शन तुटलं तरी काम सर्व्हरवर चालूच राहतं, नंतर येऊन जोडून घ्यायचं. मोबाइलच्या नेटवर दहा मिनिटं काही टाइप केलं नाही तरी स्क्रीन गोठते, त्यावर आपल्या मशीनवरच्या एसएसएचच्या सेटिंगमध्ये सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६० ठेवा, म्हणजे ६० सेकंद शांत गेले की सर्व्हरला आपोआप हाक जाते.

कॉलेजच्या लॅबमध्ये एसएसएच ज्यातून जातं तो २२ नंबरचा पोर्टच बंद होता. तिथे मोबाइलचं हॉटस्पॉट, दुसरं काय!

खरी फजिती पासवर्ड लॉगिन बंद केलं त्या दिवशी झाली. पब्लिक चावी मोबाइलवरून पेस्ट केली होती, ती मधेच तुटून दोन ओळींत पडली. ती एकाच ओळीत लागते. माझ्या लक्षात आलं नाही, कारण सर्व्हरवरची एसएसएचची सेवा रीस्टार्ट केली तरी आधीचं सेशन चालूच राहतं. सगळं झकास वाटत होतं. तेवढ्यात लाइन गेली. रात्री अकराला आली, तर दारात ‘परमिशन डिनाइड’.

आईनं खालून विचारलं, “काऊन रे, झोपत नाही का?”

सर्व्हरवाल्यांच्या वेबसाइटवर ब्राउझरमधलं कन्सोल असतं, त्यातून आत गेलो. त्यात पेस्ट होत नव्हतं, म्हणून पासवर्ड लॉगिन हातानं टाइप करून पुन्हा सुरू केलं आणि चावी नीट बसवली. आता असा बदल करताना जुनी खिडकी उघडी ठेवतो, दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून पाहतो आणि मगच पहिली बंद करतो. कन्सोलचा पासवर्ड वहीत लिहिलाय, वही धान्याच्या कोठीवर.