बैठका मारूनही मांडीची शीर का धरते

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं भरतीची तयारी म्हटली की दोन गोष्टी ठरलेल्या: पहाटे १६०० मीटर, मग शे-दोनशे बैठका. बैठकांनी मांडीचा पुढचा भाग भरतो, मागचा फारसा नाही. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, खुबा आणि गुडघा अशा दोन सांध्यांवरून जाते. खाली बसताना ती खुब्याकडं ताणते, गुडघ्याकडं सैल पडते. लांबी जवळपास तेवढीच राहते, म्हणून कामही कमी. वेगात पळताना मात्र पुढं फेकलेला पाय जमिनीला टेकण्याआधी हाच स्नायू ताणलेला असताना ब्रेक लावतो. पळणाऱ्यांची शीर बहुतेक तिथंच धरते. तेव्हा सराव ब्रेकचा हवा.

आधी ब्रिज करून कुल्ल्याचे स्नायू जागे करा. पाठीवर झोपून गुडघे दुमडा, टाचा दाबून कंबर उचला, वर २ सेकंद थांबा. १२ चे ३ सेट. मांडीच्या मागं गोळा आला तर पाय फार लांब ठेवलेत. टाचा जवळ घ्या, वर गेल्यावर नडगी उभी दिसली पाहिजे. कमरेत कळ आली तर कुल्ल्याऐवजी पाठ वाकवून वर जाताय. हे सोपं झालं की एका पायावर, ८-८.

मग वाकून उचलणं. बारबेल नसला तरी अडत नाही: १० लिटरचे दोन भरलेले कॅन म्हणजे साधारण २० किलो. गुडघे किंचित मोडून कुल्ले मागं ढकला, कॅन मांडीला घासत नडगीच्या मध्यापर्यंत न्या, पाठ सपाट. ८ चे ३ सेट. मागं भिंत ठेवून वीतभर पुढं उभे राहा. कुल्ला भिंतीला टेकला नाही तर तुम्ही कमरेतून वाकताय. (अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये पाणी हिंदकळतं आणि तोल जातो, म्हणून तोंडापर्यंत भरा.)

मुख्य व्यायाम नॉर्डिक: गुडघ्यांवर उभं राहून हळूहळू पुढं झुकायचं. गुडघ्याखाली घोंगडं चौपदरी घाला. तालमीतल्या लाल मातीवर तेही लागत नाही. साथीदारानं टाचेच्या जरा वर दोन्ही पाय दाबून धरायचे, नुसत्या पंजानं नाही, खांद्याचा भार देऊन. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग फळीसारखं ठेवून पुढं झुका, ३ ते ५ सेकंद. निधान, निधान (सावकाश, सावकाश), असं कानडी साथीदार म्हणतो तेच खरं. जिथं तोल सुटेल तिथं तळहातांवर या आणि हातानं ढकलून परत वर या. पायानं वर ओढायची हौस नको. सगळ्यांची चूक एकच: खुब्यात मोडून कुल्ला मागं सोडणं. दिसायला खोल जाता, पण हॅमस्ट्रिंगवरचा भार निघून जातो. अर्ध्यावरच पडत असाल तर छातीखाली भाताची दोन पोती आडवी ठेवा आणि तेवढंच झुका.

पहिला आठवडा एकच दिवस, ५ चे २ सेट. दुसऱ्यात दोन दिवस, ६ चे २. तिसऱ्यात तीन दिवस, ६ ते ८ चे ३. चौथ्यात ८ ते १० चे ३. पाचव्यापासून दहाव्यापर्यंत तीन दिवस, १२, १०, ८ असे ३ सेट. पुढं आठवड्याला एक दिवस पुरतो. उत्साहात पहिल्याच दिवशी ३० मारले तर दोन दिवस जिना उतरताना भिंत धरावी लागते, आणि मग मुलं व्यायामच सोडतात. पळून झाल्यावर करा, आधी नको: थकलेल्या शिरेनं स्प्रिंट मारणं धोक्याचं. कबड्डीचा सामना किंवा भरतीची धाव असेल तर त्याआधीचे दोन दिवस सुट्टी.

पळताना मांडीत मागून दगड बसल्यासारखं झालं तर तिथंच थांबा. बर्फ फडक्यात गुंडाळून १० ते १५ मिनिटं लावा. गरम तेलानं चोळून घेऊ नका. आत रक्तस्राव असेल तर चोळल्यानं वाढतो. चालताना लंगडत असाल किंवा काळंनिळं पडलं तर डॉक्टरांना दाखवा. परतताना आधी चालणं, मग ब्रिज, मग कॅन, मग हळू धाव. दुखणं थांबलं म्हणजे शीर तयार झाली असं नाही. नॉर्डिक न दुखता जमेपर्यंत पूर्ण वेगाची धाव लांबणीवर टाका.