सिंगापूरला खायला जाताय? आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा

निपाणीच्या नणंदेनं परवा फोन केला, "वहिनी, तुम्ही गेल्ता की सिंगापूरला, काय काय न्यायचं ते सांगा." उन्हाळ्याच्या सुट्टीत ती चौघं आणि तिचे सासू-सासरे जाणार आहेत. फोनवर सांगायला लागले आणि अर्ध्या तासात तीन वेळा "ते राहू दे, आधी कॅलेंडर बघितलंस काय?" एवढंच म्हणाले. म्हणून आता लिहूनच काढते. आमची मागची ट्रिप पासपोर्टानं बिघडली नाही, पावसानं नाही, पैशानंही नाही. तिथीनं बिघडली.

झालं असं. विमान स्वस्त मिळालं म्हणून बुधवारी रात्री बेंगळूरहून निघालो आणि रविवारी दुपारी परत. चार दिवस, रोज नवं काहीतरी खायचं, मुलांनी कागदावर लिहूनही ठेवलेलं. पोहोचलो गुरुवारी. गुरुवारी मामा, म्हणजे माझे सासरे, मांसाहार करत नाहीत. शुक्रवारी संकष्टी निघाली, आत्तींचा, म्हणजे सासूबाईंचा, कडक उपवास. शनिवार मारुतीचा. आणि वडीलधारी माणसं समोर वरणभात शोधत बसलेली असताना आपण खेकडा फोडत बसायचं, हे आमच्या घरात होत नाही. चार दिवसांत उरली रविवारची सकाळ, तीही विमानतळावर जायच्या गडबडीत. एवढे पैसे घालून गेलो आणि आम्ही तिथं इडली खाल्ली.

तेव्हा पहिलं काम हे: तिकिटाचं पान उघडायच्या आधी कॅलेंडर काढा. आपल्याकडं खायचे वार बुधवार, शुक्रवार, रविवार. मंगळवारी रात्री निघालात तर बुधवार आणि शुक्रवार दोन्ही पदरात पडतात, मधला गुरुवार शाकाहारी जेवणाला आणि बागा बघायला ठेवायचा. मग त्या आठवड्यात संकष्टी आहे का बघा, एकादशी आहे का बघा, घरात कुणाचा सोमवार आहे का विचारा. विचाराच, गृहीत धरू नका. आमच्या आत्ती संकष्टी करतात हे मला लग्नापासून माहीत आहे, तरी तारीख बघायचं डोक्यात आलं नाही, कारण डोकं विमानाच्या भाड्यात होतं. मंगळवारी संकष्टी आली तर ती अंगारकी, मग सरळ तारीख बदला, वाद घालत बसू नका.

महिनाही बघा. कोल्हापूरच्या पाहुण्यांबरोबर जायचं म्हटलं तर सुट्ट्याच जुळत नाहीत. त्यांच्या शाळांना दिवाळीची मोठी सुट्टी, आपल्या कर्नाटकातल्या शाळांना दसऱ्याची. आणि दसऱ्याची सुट्टी म्हणजे नवरात्र, घरात घट बसलेले, निम्म्या बायकांचे नऊ दिवसांचे उपवास. श्रावण नको, मार्गशीर्षात गुरुवार पाळणाऱ्यांच्या घरी अख्खा महिना नको. म्हणून एप्रिल-मे. तिथं बारा महिने उकाडाच असतो, त्यामुळं हवेसाठी महिना निवडायची गरज नाही.

कागदपत्रं. व्हिसा लागतो, तो तिकडच्या वकिलातीनं मान्य केलेल्या एजंटाकडून करायचा. पासपोर्टाची मुदत सहा महिन्यांपेक्षा जास्त उरलेली हवी. विमानाआधीच्या तीन दिवसांत आगमनाचं कार्ड ऑनलाइन भरायचं, ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. आपल्याकडची खास अडचण नावांच्या स्पेलिंगची. शाळेचा दाखला कन्नडवरून इंग्रजीत गेलेला, आधार दुसऱ्यानंच टाइप केलेलं, एकीकडं 'जयश्री'त एक 'ए' जास्त, दुसरीकडं आडनावात. जुन्या कागदावर बेळगाव, 2014 नंतरच्यावर बेळगावी. गावाच्या नावानं काही अडत नाही, माणसाच्या नावानं अडतं. तिकीट पासपोर्टावर आहे तसंच काढा.

आता बॅग. कपडे, छत्री, चप्पल, हे काय सांगायचं. तिथले प्लग तीन चपट्या पिनांचे, अ‍ॅडाप्टर इथूनच न्या. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि खोकल्याचं औषध कोडीनवालं असेल तर नेऊच नका. पाण्याची रिकामी बाटली प्रत्येकाला एक, नळाचं पाणी बिनधास्त प्यायचं. बऱ्याच संडासात पाण्याची सोय नसते, तिथंही बाटलीच उपयोगाला येते. आत्तींना हे आधी सांगितलं नव्हतं, त्यावरून जे ऐकलं ते इथं लिहीत नाही.

काय न्यायचं नाही ते नीट वाचा. तंबाखू. निपाणी म्हणजे तंबाखूचं गाव, तिथल्या माणसाला हे सांगणं म्हणजे माशाला पाणी सोड म्हणण्यासारखं, पण खायची तंबाखू आणि गुटखा तिथं चालत नाही, पुडी काय नि डबी काय. मामांच्या बंडीच्या खिशातली पुडी मी बेंगळूरच्या विमानतळावर काढून कचऱ्यात टाकली, चुन्याच्या डबीसकट. ते दोन तास बोलले नाहीत. सिगारेटवर पहिल्या कांडीपासून कर आहे. च्युइंगगम 1992 पासून बंद. आणि खसखस! ती तिकडं अमली पदार्थांच्या खात्याची बंदी असलेली वस्तू आहे. म्हणजे अनारसे नकोत, घरचा कांदा-लसूण मसाला नको, करदंट, म्हणजे आपली गुळातली सुक्या मेव्याची वडी, नेणार असाल तर वर खसखस भुरभुरलेली आहे का बघून घ्या. दुधाचा कुंदा तर उन्हाळ्यात प्रवासात टिकतच नाही, मोह आवरा. शेंगाची चटणी, मेथीचे ठेपले, भडंग, बास.

कॅलेंडर बघितलं? बघितलं असेल तर पुढं जेवणाकडं.

तिथलं खरं खाणं हॉटेलात नाही, हॉकर सेंटरमध्ये. पूर्वी रस्त्यावर गाडे लावणाऱ्यांना 1970 च्या दशकापासून सरकारनं एका छपराखाली आणलं, पाणी-गटारीची सोय दिली, आणि 2020 मध्ये युनेस्कोनं त्या सगळ्या संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं. पन्नास-साठ टपऱ्या, मधे टेबलं. चिनी, मलाय, तमिळ, इंडोनेशियन सगळं एकाच छपराखाली, त्यामुळं घरातल्या सहा तोंडांच्या सहा तऱ्हा जमतात. टेबलावर टिश्यूची पुडी ठेवलेली दिसली की ती जागा कुणीतरी धरलेली आहे, एसटीच्या सीटवर रुमाल टाकतात तसं. जेवण झालं की ताटं आपणच उचलून रॅकवर ठेवायची, 2021 पासून न ठेवणाऱ्याला ताकीद आणि दंड आहे. हलाल टपऱ्यांची ताटं वेगळी, त्यांचा रॅकही वेगळा.

चायनाटाऊनजवळच्या मॅक्सवेल हॉकर सेंटरला चिकन राइससाठी जायचं. उकडलेली कोंबडी, तिच्याच पाण्यात शिजवलेला भात, बाजूला मिरची-आल्याची चटणी. ऐकायला आजाऱ्याचं जेवण वाटतं, पण भात खाल्ला की कळतं. संध्याकाळी लाउ पा सात, बिडाच्या खांबांचा अष्टकोनी जुना बाजार. सात वाजले की बाजूचा रस्ता गाड्यांना बंद करून तिथं साते, म्हणजे काडीला टोचलेले मांसाचे तुकडे, भाजतात, कोळशावर, शेंगदाण्याच्या रश्शाबरोबर. आपल्या माणसाला तो रस्सा लगेच ओळखीचा वाटतो. चिली क्रॅब खायचा असेल तर भाव वजनावर असतो, आधी विचारा, नाहीतर बिल बघून घाम फुटेल. एसी हॉटेलांत भावापुढं दोन अधिकची चिन्हं असतात. त्याचा अर्थ वर 10 टक्के सेवा आणि मग त्यावर 9 टक्के कर, म्हणजे 100 डॉलरचे जवळपास 120 होतात. टेबलावर आपणहून ठेवलेले शेंगदाणे आणि ओले टिश्यू यांचेही पैसे बऱ्याच ठिकाणी लावतात.

शाकाहारी माणसाला "नो मीट" एवढं पुरत नाही. मांस काढतात, सुकट राहते. लाक्सा या नूडल्सच्या रश्शात वाटलेली सुकट असते, नासी लेमाक या नारळाच्या दुधातल्या भाताच्या चटणीत वाळके मासे, चार क्वे त्याव या परतलेल्या नूडल्स तर बहुतेक ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात. म्हणून "नो फिश, नो प्रॉन, नो लार्ड, नो ऑयस्टर सॉस" असं एकेक नाव घेऊन सांगायचं, किंवा सरळ चिनी शाकाहारी टपरी गाठायची. ती बौद्ध पद्धतीची असेल तर कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवा. तिथल्या 'कोंबडी'ला बघून मामा दचकले होते. ती सोयाबीन आणि गव्हाच्या चिकाची असते, खुशाल खा. आणि गंमत बघा, त्या चिनी लोकांचंही कॅलेंडर आहे! चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, त्यांच्यातले बरेचजण शाकाहारी राहतात, त्या दिवशी या टपऱ्यांपुढं रांग लागते. त्यांना कळतं, आणि मला कळलं नाही. लिटल इंडियात सेरंगून रोडवर कोमला विलास 1947 पासून आहे, डोसा-थाळी सगळं मिळतं, पण ते शेवटच्या उपायासारखं वापरा. डोसा खायला सिंगापूर कशाला, आपला बेळगावचा खडेबाजार आहे की.

आता परत कॅलेंडर, कारण माझी खरी चूक अजून सांगितलेलीच नाही. समजा तारीख काही केल्या बदलता येत नाही आणि संकष्टी मधे आलीच. मी काय केलं? कॅलेंडरवर आपल्याकडचा चंद्रोदय नऊच्या पुढं होता. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढं, म्हणून मी शहाणपणानं अडीच तास मिळवले आणि आत्तींना सांगितलं, पावणेबारा. बहात्तर वर्षांची बाई, पायाला फोड, दिवसभर फक्त नारळपाणी आणि केळी. खिडकीतून समोरच्या इमारती दिसत होत्या, चंद्र कुठला. सव्वादहाला मुलगा खाली दूध आणायला गेला आणि धावत वर आला, "आई, चंद्र वर आलाय, केव्हाचा!"

अडीच तास मिळवायचे नसतात. तिथलं घड्याळ पुढं आहे, पण सूर्यही तिथं सकाळी सातच्या सुमाराला उगवतो आणि संध्याकाळी सातला मावळतो. आकाश आपल्या आधी फिरतं, घड्याळ त्याच्याहून थोडं जास्त पुढं केलेलं आहे, एवढंच. त्यामुळं घड्याळातला चंद्रोदयाचा फरक फार तर तासाभराचा असतो. सिंगापूरची चंद्रोदयाची वेळ निघायच्या आधी मोबाइलवर बघून कागदावर लिहून घ्या. कागदावर. मोबाइल ऐन वेळी चार्ज नसतो. त्या रात्री फुलं नाहीत, मोदक नाहीत, खालची टपरी बंद. आत्तींनी ठेपल्यावर उपवास सोडला आणि म्हणाल्या, "असू दे ग." तेच जास्त लागलं.

उपवासाला काय मिळतं ते तरी बघून ठेवा. फळं, शहाळं मुबलक. आणि सागो गुला मलाका नावाचा गोड पदार्थ मिळतो: साबुदाणा, नारळाचं दूध, माडाच्या गुळाचा पाक. आपल्या उपवासाला अगदी चालणारं! मला तो रविवारी विमानतळाच्या वाटेवर दिसला. शुक्रवारी दिसला असता तर.

फिरण्याचं थोडक्यात. गार्डन्स बाय द बे बाहेरून फुकट, काचेच्या दोन घुमटांना तिकीट. झाडांवरची दिव्यांची गंमत रात्री 7:45 आणि 8:45 ला, पहिली गाठली की जेवणाची वेळ सांभाळता येते. मामांसारखी साखरेची गोळी घेणारं कुणी असेल तर दुसरीच्या नादाला लागू नका. मर्लायन, म्हणजे सिंहाचं तोंड आणि माशाचं अंग असलेला पुतळा, बघायला दहा मिनिटं पुरे, फोटो आणि चला. बोटॅनिक गार्डन 1859 चं, फुकट, सकाळी लवकर, गुरुवारसारख्या दिवशी उत्तम. चायनाटाऊनमधलं मारिअम्मनचं देऊळ 1827 चं, आत्तींचा पाय तिथून निघेना. मेट्रोत खायचं-प्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, 500 डॉलरपर्यंत दंड. ड्युरियन फळही न्यायचं नाही. त्याचा वास घेतल्यावर कारण विचारावं लागणार नाही. दुपारी पाऊस येतोच, तेव्हा एखादं संग्रहालय किंवा मॉल. दिवसाला दोन ठिकाणं, तिसरं लिहूच नका.

परतीला विमानतळावरचा चाळीस मीटरचा धबधबा बघायला तासभर आधी जा. बेंगळूरला देवनहळ्ळीच्या विमानतळाहून मॅजेस्टिकच्या स्टेशन-स्टँडला यायला दोन तास धरा, राणी चन्नम्मा एक्स्प्रेस चुकली तर रात्रीची व्हॉल्वो असते. बाकी तुम्ही बघून घ्याल.

नणंदेनं तारखा पाठवल्यात. बुधवार ते शनिवार. मी कॅलेंडर बघून तिला कळवलं: मधे एकादशी आहे.