कारण बताओ नोटीस आल्यावर: सिस्टरांसाठी तयारी

नोटीस घ्यायला नकार देऊ नका. तारीख घालून सही करा आणि मुदत पाहा. पुरणार नसेल तर ती संपण्याआधी लेखी वाढवून मागा. नोटीस दवाखान्याची असेल तर प्रश्न नोकरीचा असतो, भोपाळच्या नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिलची असेल तर नोंदणीचा. इंदूरला सरकारी नोकरीत असाल तर मध्य प्रदेश सिव्हिल सेवा (वर्गीकरण, नियंत्रण व अपील) नियम, १९६६ लागतात. बडतर्फीसारखी शिक्षा सहसा आरोपपत्र आणि चौकशीशिवाय होत नाही, तेव्हा घाबरून राजीनामा लिहून देऊ नका.

ड्यूटी रोस्टर, हँडओव्हर रजिस्टर, औषधांचा चार्ट यांच्या प्रती अर्ज करून मागा. पेशंटच्या फाइलचे मोबाइलवर फोटो काढू नका. आणि फाइलला आता हात लावायचा नाही! एखादी नोंद राहिलीच असेल तर इन्चार्ज सिस्टरना सांगून, आजची तारीख-वेळ टाकून ‘उशिरा केलेली नोंद’ असं स्पष्ट लिहा. मागची वेळ टाकून घुसवलेली ओळ पकडली गेली की खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो.

आठवण ताजी असतानाच घटनाक्रम वेळेसकट लिहून काढा: वॉर्डात पेशंट किती, सिस्टर किती, डॉक्टरांना फोन कधी केला. कुणावर ढकलू नका, पण स्टाफ कमी होता तर तेही लिहा.

माझ्या मते उत्तराचा खरा जीव ‘चूक पुन्हा होऊ नये म्हणून काय करीन’ या भागात असतो, आणि तोच बहुतेकींच्या उत्तरात दोन ओळींत उरकलेला असतो. ‘यापुढे काळजी घेईन’ एवढ्यानं भागत नाही. समजा चूक इन्सुलिनची आहे. दर मिलीला १०० युनिट असलेली व्हायल (औषधाची बाटली) दर मिलीला ४० युनिटच्या, लाल टोपीच्या सिरिंजनं खुणेनुसार भरली तर डोस अडीच पट जातो. मग लिहा: व्हायलवरचं लेबल आणि सिरिंजची टोपी जुळवून पाहीन, डोस दुसऱ्या सिस्टरकडून तपासून दोघींच्या सह्या घेईन, अमुक इतके दिवस इन्चार्जच्या देखरेखीखाली इन्सुलिन देईन. ट्रेनिंग मागा, झालं की सर्टिफिकेट जोडा.

उत्तर हिंदीत जाणार, म्हणून दफ्तरी हिंदी जमणाऱ्या कुणाकडून वाचून घ्या. नोंदणीचं नूतनीकरण तपासा. चौकशीला एकटीनं बसू नका, मदतीला सहकारी आणायची परवानगी लेखी मागा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.